टाळूची ऊब

सासू बसली की तिला हात लावायचा नाही, हे ताईबाईला लग्न होऊन निंबखेडीत आल्यावर पहिल्याच महिन्यात समजलं. तोवर तिला वाटायचं, बसणं म्हणजे माळ ओढणं, नाहीतर डोळे मिटून देवाचं नाव घेणं. मंजुळाबाईचं बसणं वेगळं होतं.

मंजुळाबाईचं माहेर एदलाबादेकडचं, तापीकाठी. लहानपणी मुक्ताबाईच्या देवळात झाडलोट करायला जायची, तिथं राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोगिणीनं तिला ही विद्या दिली. जोगीण त्या विद्येला लय म्हणायची. मंजुळाबाई सुनेला सांगे, लय म्हणजे विरघळणं. कण्याच्या बुडाशी धरती आहे, ती पाण्यात विरते. पाणी बेंबीपाशी अग्नीत विरतं, अग्नी छातीतल्या वाऱ्यात, वारा गळ्यातल्या आकाशात. मग भुवयांच्या मधे नुसतं मन उरतं. तेही वर टाळूत जाऊन मिळालं की शिव आणि शक्ती भेटले. मग तिथं कोणी मंजुळा नाही, कोणाची सासू नाही, काही नाही.

ताईबाईला यातलं फारसं कळत नसे. तिला दिसे ते इतकंच, की सासू कोनाड्याखाली घोंगडीवर मांडी घालून बसते आणि हळूहळू गार पडत जाते. आधी तळपाय, मग मांड्या, मग पोट, मग छाती. हाताची नाडी सापडत नसे. नाकाशी कापसाचा पुंजका धरला तर तोही हलत नसे. ऊब राहायची ती फक्त टाळूवर, तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी. दिवेलागणीला ती ऊब खाली उतरायला लागे, मंजुळाबाई एक लांब श्वास घेई, आणि ताईबाई तिच्या तळपायांना तूप चोळायला बसे.

एकदा तूप चोळता चोळता तिनं विचारलं होतं, "माय, तू कधी उतरनीच नही तर?"

मंजुळाबाई हसली. "टाळू गरम शे तवलग मी जित्ती शे, हाई ध्यानमा ठेव. गरम भाकर डोकावर ठेव, जीभले तूप लाव, आनि हाका मार. मी येसू."

"आनि टाळू गार पडनी तर?"

"मंग लाकडं आन," सासू म्हणाली. तेव्हा दोघीही हसल्या होत्या.

मंजुळाबाईच्या मुलाला, झुलालला, यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. बाप गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी तो खेळून घरी आला, आईच्या मांडीवर डोकं ठेवायला गेला, आणि मांडी दगडासारखी गार लागली. शेजारपाजारचे सगळे शेतात होते. त्यानं आईला हलवलं, चावलं, तिच्या तोंडावर पाणी टाकलं, आणि मग संध्याकाळपर्यंत दाराच्या मागे अंग चोरून बसून राहिला. आई उठली, तिनं त्याला पोटाशी घेतलं, समजावलं. पण आई बसली की तो घराबाहेर पडे, तो मोठा झाल्यावरही. बायकोशी याविषयी तो एकदाच बोलला होता.

एकोणीसशे अठराच्या आश्विनात गावात मानमोडी आली. ताप यायचा, मान टाकायची, छाती भरायची, आणि सकाळी पाणी भरून आलेलं माणूस दुसऱ्या दिवशी चितेवर असायचं. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. शेतात बोंडं फुटलेली होती नि वेचायला माणूस नव्हतं. झुलाल पाचोऱ्याला कापसाच्या जिनात कामाला होता. तिकडेही साथ होती, आणि त्याचा काही निरोप नव्हता. ताईबाईला सातवा महिना लागला होता. गरोदर बाईला मानमोडी सोडत नाही, असं जो तो म्हणे, आणि तिच्याकडे बघून गप्प होई.

मंजुळाबाई मात्र घरोघर जायची. कोणाच्या तोंडात पाणी घाल, कोणाची पोरं सांभाळ, कोणा बाईला शेवटची आंघोळ घाल. एका दुपारी ती मागच्या गल्लीतल्या लताबाईच्या घरून परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. लताबाई तिच्या बरोबरीची, सासरी आल्यापासूनची मैत्रीण.

"कशी शे लताबाई?" ताईबाईनं विचारलं.

"गयी." मंजुळाबाईनं अंगणात डोक्यावरून पाणी घेतलं. बराच वेळ घेत राहिली. मग ओल्या केसांनीच आत आली. "निळी पडनी व्हती. तोंडथीन फेस. माले म्हने, मंजुळा, श्वास दे. कथाईन देऊ मी श्वास?"

ताईबाईनं ताट वाढलं. मंजुळाबाईनं ते सारून ठेवलं. "मी बठस," एवढंच म्हणाली, आणि कोनाड्याखाली जाऊन बसली.

दिवेलागण झाली. ऊब उतरली नाही. ताईबाई भाकरी झाकून तिच्यासमोर बसून राहिली आणि तिथंच कधीतरी तिचा डोळा लागला. उजाडल्यावर तिनं आधी सासूच्या टाळूला हात लावला. गरम होती. बाकी सगळं अंग विहिरीच्या काठासारखं गार.

समोरच्या घरात रमजान पिंजारी आणि त्याची बायको अनवरी राहत. ताईबाईनं अनवरीला हाक मारून आणलं. अनवरीनं मंजुळाबाईला बसलेलं पूर्वी पाहिलं होतं, पण इतका वेळ कधीच नाही. तिनं मनगट धरलं, नाकापुढे बोट धरलं, कान छातीला लावला आणि मागे सरली.

"काय वाटस?" ताईबाईनं विचारलं.

"माले काही समजत नही, बाई." अनवरीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू हाई पोट लिसन आठे बठू नको. मना घर चाल."

"आनि तिनाजवळ कोन बठी?"

अनवरी घरी गेली नाही, उंबऱ्यावरच बसली. ताईबाईला तेवढ्यानंही धीर आला.

बाहेर गाडीचा आवाज यायला लागला. झिपरू रोज सकाळी बैलगाडी घेऊन गल्ल्यांतून फिरायचा. ज्यांच्या घरी खांदा द्यायला माणूस उरलं नव्हतं त्यांचे मुडदे तो गिरणा नदीवर न्यायचा. दारादारापुढे थांबून एकच विचारायचा, "शे का कोनी?" त्या हाकेनं गावातली पोरं आईच्या पदरात तोंड लपवत.

"शे का कोनी?"

"नही," ताईबाई ओरडली. ती फार घाईनं ओरडली. झिपरू खाली उतरला, अनवरीच्या डोक्यावरून त्यानं आत डोकावलं. कोनाड्याखाली मंजुळाबाई होती, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे, गालावर माशी बसलेली. माशी उडत नव्हती, आणि गालही हलत नव्हता.

झिपरू गेला आणि पोलीस पाटील तोताराम आबांना घेऊन आला.

आबा म्हातारे होते, वाईट नव्हते. त्या महिन्यात त्यांच्या घरातून दोन तिरड्या उठल्या होत्या. घरात मुडदा ठेवायचा नाही, असं पंचांनी ठरवलं होतं, आणि ते पाळायला लावणं आबांकडे होतं. ते दारातच उभे राहिले.

"ताई, पोरी, तुनी सासू गयी."

"नही आबा. ती बठेल शे. तुमले माहीत शे ना, ती बठस."

"बठे, माहीत शे. पन कालदिन लताबाईले तिनीच धुयं. लताबाईनं काय व्हयनं?"

"टाळू गरम शे, आबा. हात लावीसन देखा."

आबांनी क्षणभर विचार केला. मग आत आले, मंजुळाबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. कौलांच्या फटीतून एक उन्हाची तिरीप नेमकी तिच्या केसांवर पडली होती.

"ऊन पडी राहिनं डोकावर," आबा म्हणाले. "गरम तर लागीच."

ताईबाईनं तिरीप पदरानं अडवली, आबांना पुन्हा हात ठेवायला लावलं. त्यांनी मान हलवली. खरं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि आपल्याला सांगता येत नाही याची त्यांनाच भीती वाटत होती, हे तिला त्यांच्या तोंडावर दिसलं.

तेवढ्यात झुलाल आला.

जीन बंद पडलं होतं. तो पाचोऱ्याहून पहाटेच चालत निघाला होता. गावाच्या वाटेवर त्यानं काय काय पाहिलं असेल कोण जाणे. दारापुढे गाडी, आत आबा, हे पाहून तो आधी बायकोचं नाव घेऊन ओरडला. ती उभी आहे हे दिसल्यावर त्याचा श्वास सुटला. मग त्याची नजर कोनाड्याकडे गेली आणि तो भिंतीला टेकला.

"कवय गयी?"

"गयेल नही. काल दुपारपाईन बठेल शे." ताईबाईनं त्याचा हात धरला. "तुम्ही टाळूले हात लावा. तुम्ही तिना पोर शेतस, तुमले समजी."

त्यानं हात ओढून घेतला. "मी नही."

"एक डाव."

"मी नही म्हनं ना!" त्याचा आवाज फुटला. "लहानपनपाईन हाईच. मरस नि जित्ती होस, मरस नि जित्ती होस. आते खरंच मरनी तरी तुम्ही म्हनतस बठेल शे. माले भ्याव वाटस तिना. आबा, गाडीमा ठेवा. ताईले मी पाचोऱ्याले लयी जास, आते, याच पायवर."

"आनि जित्ती व्हयनी तर?" ताईबाई म्हणाली. "चितावर डोया उघडात तर?"

झिपरूनं तोंड फिरवलं.

आबांनी काठी आपटली. "हाई देखा. झिपरूले आजून खालनी आळीमा जानं शे. तो तठला लोके गिरनावर टाकी येस. त्यानी गाडी परत येवालोंग थांबू. मंग मी कोनं आईकाव नही."

गाडी गेली. आबा ओट्यावर टेकले. ताईबाई पुन्हा सासूजवळ गेली, तिनं टाळूवर हात ठेवला, आणि तिला काहीच कळेना. ऊब होती की नव्हती? सकाळपासून इतक्या वेळा हात ठेवून तळवा बधिर झाला होता. आपलाच हात तापला असेल तर? तापच भरला असेल, तर त्या हाताला काय कळणार? ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघू लागली, कपाळावर ठेवून बघू लागली, पुन्हा टाळूवर. सगळं सारखंच लागायला लागलं. मी मुडद्यापाशी बसले आहे, पोटातल्या जिवाला घेऊन रात्रभर मुडद्यापाशी बसले होते, असं तिच्या मनात आलं. जाऊ दे, नेऊ देत, असंही आलं.

आणि मग तिला तूप चोळतानाचं सासूचं बोलणं आठवलं. गरम भाकर डोकावर ठेव, हाका मार. सासूनं हे हसत हसत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

"अनवरी, चूल पेटाड."

अनवरी पिंजाऱ्याची बायको, त्या घराच्या चुलीपाशी एरवी कधी गेली नसती. त्या दिवशी कोणी काही म्हटलं नाही, आबांनीही नाही. तिनं काड्या सारल्या, फुंकर घातली. ताईबाईनं ज्वारीचं पीठ घेतलं. भाकरी थापताना दोनदा तुटली. तिसरी तव्यावर पडली तेव्हा दूर वेशीकडे गाडीचं चाक करकरताना ऐकू आलं.

झुलाल दारात उभा राहून हे बघत होता. भाकरी फुगली. ताईबाईनं ती पदरात धरून उचलली, उठायला गेली आणि पोटात कळ येऊन खाली बसली.

"तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "माले उठाय नही."

तो हलला नाही.

"तुमना पाय पडस. ठेवा."

त्यानं भाकरी घेतली. चटका बसत होता तरी दोन्ही हातांत धरून तो आईसमोर गेला. गुडघे टेकले. भाकरी तिच्या डोक्यावर ठेवताना त्याची बोटं तिच्या केसांना लागली, तसा तो दचकला, पण हात काढला नाही. अनवरीनं तुपाचं भांडं पुढे केलं. त्यानं बोट बुडवून आईचे दात किंचित उघडले आणि तूप जिभेला लावलं.

"माय," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "माय व!"

गाडी गल्लीत आली. थांबली. झिपरू उतरल्याचा आवाज आला. आबा ओट्यावरून उठले.

"माय, मी उनू. मी झुलाल. माले भ्याव वाटी राहिनं, माय, ऊठ." तो रडत होता, लहान पोरानं रडावं तसा, नाक पुसायचं भान नसलेला. "ऊठ ना व. मी कथाच जाव नही. दारमागे बी जाव नही."

आधी पाणी आलं. मंजुळाबाईच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि गालावरून हनुवटीकडे गेला. सगळ्यांनी तो पाहिला, पण मुडद्याच्या डोळ्यांतूनही पाणी येतं असं त्यांनी ऐकलेलं होतं. मग तिचा गळा हलला. मग विहिरीतून जड बादली ओढताना होतो तसा आवाज करत तिनं श्वास आत घेतला. झिपरू दारातून मागच्या मागे पडला आणि उठून पळाला. गाडी, बैल तिथंच राहिले.

ताईबाई तळपाय चोळत राहिली. ऊब उतरायला फार वेळ लागला. दुपार कलली तेव्हा मंजुळाबाईला बोलता आलं. आबा घरी गेले होते. आत झुलाल, ताईबाई, आणि उंबऱ्यावर अनवरी.

"मी बठ्ठं आईकं," मंजुळाबाई म्हणाली.

सगळं म्हणजे काय काय, ते ताईबाईला आधी समजलं नाही.

"तुम्ही बोलनात ते. गाडी, लाकडं. आबानी काठी आपटी ती. झुलाल म्हने गाडीमा ठेवा ते बी." झुलालनं मान खाली घातली. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी ओरडी राहिंतू. पन गळालोंग येवानं नि तठेच अडकी जावानं. वर बी जावाय ना, खाले बी येवाय ना."

"काबर, माय? तू तर रोज येस."

त्यावर ती जे म्हणाली ते ताईबाई जन्मभर विसरली नाही.

लताबाईला धुताना तिला स्वतःच्याच अंगात कणकण जाणवली होती. लताबाईसारखं निळं पडून, तोंडाला फेस येऊन मरायचं, या विचारानं तिची गाळण उडाली. घरी येऊन ती बसली ती देवाला भेटायला नाही. ताप यायच्या आत टाळूतून वर निघून जावं, परत यायचंच नाही, म्हणून बसली. जोगिणीनं तिला एकच ताकीद दिली होती, की भ्यायलेल्या माणसानं बसू नये. धरती पाण्यात विरते, पाणी अग्नीत विरतं, पण भीती कशात विरत नाही. ती बरोबर वर येते आणि वाट अडवून बसते. तसंच झालं. आकाशाच्या ठिकाणी, गळ्यापाशी, ती आणि तिची भीती दोघीच राहिल्या. बाहेर तिला जाळायचं बोलणं चाललं होतं.

"तठे कोनी नव्हतं," मंजुळाबाई म्हणाली. "शिव नही, शक्ती नही. माले वाटे, इतला वरीस मी काय कयं?"

"मंग उतरनी कशी?" झुलालनं विचारलं.

"तू रडनास ना. माले तुनी काळजी पडनी." ती थोडी हसली. "तू इतला भेस, मंग मी भेयीसन कसं चाली, असं वाटनं. मंग वाट सुटनी."

संध्याकाळी तिला ताप भरला. तिनं सुनेला जवळ येऊ दिलं नाही. अनवरी ताईबाईला बळेच आपल्या घरी घेऊन गेली, आणि आईपाशी झुलाल बसला. ताईबाई समोरच्या दारातून बघायची. तिला दिसायचं, नवरा आईला उठवून बसवतो आहे, तिची पाठ चोळतो आहे, तोंड पुसतो आहे. मंजुळाबाई घाबरायची. छाती भरली की डोळे मोठे करून इकडे तिकडे बघायची, मुलाचा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, "बोलत राय, तू बोलत राय." तो बोलायचा. जिनातल्या गोष्टी, आगगाडीच्या गोष्टी, काय सुचेल ते. त्याचा आवाज गल्ली ओलांडून यायचा, आणि तो थांबला की ताईबाई उठून कान द्यायची.

एका दुपारी तो थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. ताईबाई दारात आली. झुलाल आईच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. आबा आले, गल्लीतच उभे राहिले, त्यांनी घाई केली नाही. ऊन ओट्यावरून उतरून गेल्यावर झुलालनं हात काढला आणि लाकडं आणायला माणसं बोलवायला सांगितली. झिपरूची गाडी त्यानं घेतली नाही. रमजान पिंजाऱ्यानं खांदा दिला.

चिता पेटली तेव्हा झुलाल इतका जवळ उभा राहिला की त्याच्या भुवया करपल्या. आबांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

पौषात ताईबाईला पाचोऱ्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. मुलगी गुटगुटीत होती आणि तिची झोप गाढ होती. पण ती निजली नि फार वेळ हलली नाही, की ताईबाई हातातलं काम टाकून तिला जागी करायची. शेजारची माणसं हसायची, रागवायची. पोर कळवळून रडायला लागली, की मगच तिच्या जिवात जीव यायचा. झुलाल मात्र बायकोला त्यावरून कधी रागावला नाही.